ब्रेक्झिटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (स्विंडनहून, एकदाची उत्तरं)

२०१५ पासून मी स्विंडनमध्ये राहते, लंडनच्या पॅडिंग्टनहून पश्चिमेला ट्रेनने साधारण तासाभरावर. दर डिसेंबरात घरी गेलं की जेवायला बसल्यावर कोणीतरी विचारतंच, काय गं ते ब्रेक्झिट, झालं का एकदाचं, आणि मी तोंडात घास असताना उत्तर द्यायला सुरुवात करते आणि आयर्लंडपर्यंत पोचते तोवर मामांचा डोळा लागलेला असतो. म्हणून हे लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवेन.

नक्की कोण कशातून बाहेर पडलं?

ब्रिटन, युरोपियन युनियनमधून. पुढे नुसतं ईयू लिहिते. आत शिरले १ जानेवारी १९७३ ला, तेव्हा त्याला युरोपियन इकॉनॉमिक कम्युनिटी म्हणायचे, इथले लोक सरळ 'कॉमन मार्केट' म्हणायचे. बाहेर पडले ३१ जानेवारी २०२० ला, रात्री अकरा वाजता. अकरा का? कारण तेव्हा ईयूच्या मुख्यालयात, म्हणजे ब्रुसेल्समध्ये, बारा वाजले होते. ब्रुसेल्सच्या तावडीतून सुटायचा मुहूर्तसुद्धा ब्रुसेल्सच्या घड्याळावर! पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जुनेच नियम चालू होते, त्यामुळे खरा फरक कळला २०२१ पासून.

भांडण २०१६ मध्ये सुरू झालं ना?

छे. हे शिरले तेच रडतखडत. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ ला दोनदा दारातून परत पाठवलं होतं. आत गेल्यावर दोनच वर्षांत, १९७५ ला, पहिलं सार्वमत झालं, राहायचं की नाही, आणि ६७ टक्के लोक राहा म्हणाले. गंमत म्हणजे तेव्हा फाटाफूट लेबर पक्षात होती आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या मार्गारेट थॅचरबाई युरोपातल्या देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून 'राहा'चा प्रचार करत होत्या. पुढे पारडं फिरलं. १९९२ ला मास्ट्रिख्टचा करार झाला, नुसत्या व्यापाराच्या पलीकडे जाऊन राजकीय युनियन व्हायला लागली, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात जी चूल वेगळी झाली ती आजपर्यंत एक झाली नाही. त्यात पेपरवाले होतेच. 'ब्रुसेल्स आता वाकड्या केळ्यांवर बंदी आणणार' छाप बातम्या वर्षानुवर्षं चालल्या (केळ्यांच्या प्रतवारीचा नियम खरंच होता, १९९४ चा, पण बंदीबिंदी काही नाही). असल्या चटपटीत बातम्या ब्रुसेल्सहून पाठवणाऱ्यांत डेली टेलिग्राफचा एक तरुण वार्ताहर आघाडीवर होता, त्याचं नाव बोरिस जॉन्सन.

मग नायजेल फराज आणि त्यांचा, ईयूतून बाहेर पडा म्हणणारा, यूकेआयपी पक्ष मतं खायला लागला, स्वपक्षातले खासदार कटकट करायला लागले, तेव्हा जानेवारी २०१३ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान डेव्हिड कॅमेरूननी सांगून टाकलं की पुढची निवडणूक जिंकलो तर सार्वमत घेतो. २०१५ ला ते चक्क स्वबळावर जिंकले. आता शब्द पाळणं आलं.

निकाल काय लागला होता?

२३ जून २०१६. बाहेर पडा ५१.९ टक्के, राहा ४८.१. म्हणजे सुमारे १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख, मतदान ७२ टक्के. इंग्लंड आणि वेल्स बाहेर, स्कॉटलंड ६२ टक्के आत, उत्तर आयर्लंड जवळपास ५६ टक्के आत, लंडन ६० टक्के आत. आमचं स्विंडन जवळपास ५५ टक्के बाहेर.

तुला मत होतं?

हो! हे कोणालाच खरं वाटत नाही. मी तेव्हा भारतीय पासपोर्टवर, वर्क व्हिसावर, येऊन सव्वा वर्ष झालेलं, आणि घरी पोलिंग कार्ड आलं. कॉमनवेल्थ देशाचे नागरिक इथे कायदेशीर राहत असले तर त्यांना मत देता येतं. पण ईयूच्या नागरिकांना या सार्वमतात मत नव्हतं (आयर्लंड, माल्टा, सायप्रसवाले सोडून). आमच्या शेजारी एक गोव्याचं कुटुंब, मडगावकडचं, २००६ पासून इथे, काका नाइट शिफ्टला वेअरहाऊसमध्ये, दोन्ही मुली इथल्याच शाळेत शिकलेल्या. पण पासपोर्ट पोर्तुगीज. त्यामुळे ज्या प्रश्नावर त्यांचं सगळं घर अवलंबून होतं त्यावर त्यांना मत नाही, आणि मला, जिला अजून कचऱ्याच्या बिन्सचं वेळापत्रक पाठ झालं नव्हतं, तिला आहे. काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, आमकां वोट ना गो, तू तरी वच.

गेले. प्राथमिक शाळेचा हॉल, प्लायवूडचे आडोसे, दोरीने बांधलेली पेन्सिल. माझ्या पुढचे आजोबा खिशातून स्वतःचं बॉलपेन काढून घेऊन गेले, कारण पेन्सिलची खूण रात्री खोडून बदलतात अशी तेव्हा अफवा होती. मतपत्रिकेवर एकच प्रश्न आणि दोनच चौकोन: राहायचं, सोडायचं. मी पहिल्या चौकोनात फुली मारली. बाहेर पडून जायचं कुठे हे कागदावर कुठेच नव्हतं, आणि पुढची साडेतीन वर्षं जी काय तमाशा झाली ती या एका गोष्टीमुळे. सोडायचं म्हणजे नॉर्वेसारखं अर्धं आत राहून, की कॅनडासारखा करार करून, की काहीच करार न करता, हे १ कोटी ७४ लाखांपैकी प्रत्येकाने आपापल्या मनात भरून घेतलं होतं.

मग 'लीव्ह'वाले, म्हणजे बाहेर पडा म्हणणारे, सगळे येडे होते का? की गोऱ्या रंगाचा माज?

हा प्रश्न मुंबई-पुण्याहून येतो तेव्हा मला जरा राग येतो. माज होता, नाही असं नाही, मतदानाच्या आठवडाभर आधी जो कॉक्स या खासदार बाईंचा भर रस्त्यात खून झाला तो एका माथेफिरू गोऱ्या वर्चस्ववाद्याने केला. पण माझ्या ऑफिसातला एक सुपरवायझर, अत्यंत सज्जन माणूस, त्याने लीव्हला मत दिलं आणि त्याचं म्हणणं साधं होतं: माझे कायदे कोण करतं ते मला निवडता यावं आणि हाकलता यावं. हे मत चूक वाटू शकतं, पण येडं नाही.

शिवाय २००४ ची गोष्ट. पोलंड वगैरे नवे देश ईयूत आले तेव्हा बहुतेक जुन्या देशांनी त्यांच्या कामगारांना काही वर्षं दार बंद ठेवलं, पण ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडननी पहिल्या दिवसापासून उघडलं. ब्रिटिश सरकारसाठी केलेला अंदाज होता वर्षाला ५ ते १३ हजार लोकांचा. आले त्याच्या कित्येक पट. लिंकनशायरमधल्या बॉस्टनसारख्या छोट्या शेतीच्या गावात दवाखान्यावर, शाळांवर ताण आला आणि वरून कोणी पैसे वाढवून दिले नाहीत. त्या बॉस्टनने देशात सगळ्यात जास्त, सुमारे ७६ टक्के, लीव्हला मत दिलं.

मासेमारीचं गाव ग्रिम्सबी घ्या. तिथे लोकांच्या मते बंदर ईयूने बुडवलं. खरं तर लांबच्या समुद्रातली कॉड मासेमारी गेली ती १९७० च्या दशकात आइसलंडबरोबरच्या भांडणात. पण नंतर ईयूचा कोटा आला, परदेशी ट्रॉलर दिसायला लागले, आणि दोन्ही दुःखांची एकच मोट बांधली गेली.

आणि आपले लोकही होते बरं का त्यात. प्रीती पटेल आणि मंडळी सांगत होती की युरोपियनांना मोकळं रान आणि आपल्या आचाऱ्यांना व्हिसा नाही, बाहेर पडलो की करी हाऊस वाचतील. अनेक रेस्टॉरंटवाल्यांनी त्यावर विश्वास ठेवला. आचारी काही धो धो आले नाहीत.

त्या लाल बसचं काय प्रकरण?

'लीव्ह'च्या प्रचाराची बस होती ती. तिच्यावर लिहिलं होतं, आपण ईयूला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या एनएचएसला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला, देऊ या. आकडा कागदावरचा होता. थॅचरबाईंनी १९८४ ला भांडून मिळवलेली सवलत आधीच कापली जायची, ती वजा केली की साधारण २५ कोटी, आणि त्यातलेही बरेच शेतकऱ्यांना, संशोधनाला, मागास भागांना परत यायचे. सरकारी आकडेवारीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने हा आकडा दिशाभूल करणारा आहे असं जाहीर सांगितलं. तरी बस फिरतच राहिली. आणि 'राहा'वाले जितक्या वेळा म्हणाले की ३५ नाही हो, २५ कोटी, तितक्या वेळा ऐकणाऱ्याच्या डोक्यात एवढंच बसलं की बापरे, एवढे पैसे जातात!

'राहा'वाले धुतल्या तांदळाचे नव्हते. अर्थमंत्री जॉर्ज ऑसबॉर्ननी प्रत्येक घराला वर्षाला ४,३०० पौंडांचा फटका बसेल असं सांगितलं, निकाल उलटा लागला तर तातडीचं बजेट आणून कर वाढवीन अशी धमकी दिली. लगेच मंदी काही आली नाही, आणि लोक म्हणाले, बघा, घाबरवत होते.

कस्टम्स युनियन आणि सिंगल मार्केट, यात फरक काय?

मुलुंडचा नाका आठवा. जकात होती तेव्हा ट्रकांची रांग लागायची, ड्रायव्हर खाली उतरून कागद दाखवणार, क्लिनर चहा पिणार, तासन् तास. कस्टम्स युनियन म्हणजे आतल्या आत असा नाकाच नाही, आणि बाहेरच्यांना सगळ्यांचा मिळून एकच दर. सिंगल मार्केट त्याच्या पुढचं: मिक्सरला आयएसआयचा शिक्का एका राज्यात मिळाला की सगळ्या देशात चालतो तसं, शिवाय माणसांनाही कुठेही जाऊन नोकरी करायची मुभा. ब्रिटनला माल हवा होता, माणसं नको होती, आणि ईयूचं म्हणणं की थाळी घ्यायची तर पूर्ण, नुसती बासुंदी वाढून मिळणार नाही.

आपल्याकडे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. त्याच उन्हाळ्यात इथे डोव्हर बंदरात नवा नाका कसा उभारायचा याच्या वाटाघाटी सुरू होत होत्या.

आणि आयर्लंड? इथे तुझं नेहमी अडतं.

अडतं कारण सगळ्यांचं तिथेच अडलं. आयर्लंडचं बेट एक, देश दोन. उत्तरेचा तुकडा ब्रिटनचा, बाकी स्वतंत्र आयर्लंड, जो ईयूत आहे. मधली सीमा साधारण ५०० किलोमीटर, तिच्यावरून दोनशेच्या वर रस्ते जातात. तीस वर्षांच्या हिंसाचारात तिथे लष्करी चौक्या होत्या. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने शांतता आली, चौक्या गेल्या, आज गाडीने जाताना रस्त्याच्या पाट्या मैलांवरून किलोमीटरवर गेल्या की समजायचं देश बदलला.

आता ब्रिटन कस्टम्स युनियनच्या बाहेर म्हटल्यावर नाका कुठेतरी हवा. जमिनीवर घातला तर शांतता धोक्यात. समुद्रात घातला तर ब्रिटनच्या आपल्याच दोन भागांत नाका. घालायचाच नसेल तर सगळं ब्रिटन ईयूच्या नियमांत राहणार, मग बाहेर पडलात कशाला? चौथा पर्याय नाही. कॅमेरूननंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी तिसऱ्याच्या जवळपासचं काहीतरी आणलं, त्याला बॅकस्टॉप म्हणायचे, आणि त्यातच त्यांची खुर्ची गेली. त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिसनी दुसरा घेतला, समुद्रातला, आणि घेऊन वर सांगत राहिले की नाका नाहीच. मग इंग्लंडचे सॉसेज बेलफास्टला न्यायचे की नाही यावर भांडण! तिथल्या डीयूपी पक्षाने याच रागात दोन वर्षं विधानसभा चालू दिली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी विंडसर फ्रेमवर्क करून आणलं, उत्तर आयर्लंडमध्येच राहणारा माल हिरव्या लेनमधून, पुढे ईयूत जाऊ शकेल तो लाल लेनमधून. त्याचा पुरावा माझ्या फ्रिजमध्ये आहे, चीजच्या पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं असतं 'नॉट फॉर ईयू'. मी स्विंडनमध्ये खाते ते चीज ईयूला कशाला जाईल, पण छापलंय.

पार्लमेंटमध्ये तो 'ऑर्डर ऑर्डर' ओरडणारा माणूस कोण?

स्पीकर जॉन बर्को. जानेवारी ते मार्च २०१९ मध्ये मेबाईंचा करार तीनदा आपटला, पहिल्यांदा ४३२ विरुद्ध २०२, सरकारचा एवढा मोठा पराभव आधी झालाच नव्हता. मग खासदारांनीच आठ पर्याय मतदानाला घेतले, आठही पडले. नको काय ते सगळ्यांना माहीत, हवं काय ते कोणालाच नाही.

जुलैत बोरिस आले, त्यांनी पार्लमेंटच पाच आठवडे बंद ठेवायचा घाट घातला, ते सुप्रीम कोर्टाने ११ विरुद्ध ० असं बेकायदा ठरवलं. त्यांनी आपलेच २१ खासदार काढून टाकले, त्यात चर्चिलचा नातूसुद्धा. तोवर लोक इतके कंटाळले होते की डिसेंबरातल्या निवडणुकीत 'एकदाचं उरका' एवढ्याच घोषणेवर बोरिसना ८० चं बहुमत मिळालं. लेबरच्या कॉर्बिनना आपण नक्की कुठल्या बाजूला आहोत हे शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

करार झाला ना पण? मग अडचण काय?

झाला, २४ डिसेंबर २०२० ला. जकात नाही, पण कागद आहेत, आणि जकात नाही ती फक्त जिथून पाठवताय तिथेच बनलेल्या मालाला. मार्क्स अँड स्पेन्सरच्या 'पर्सी पिग' नावाच्या गुलाबी डुकराच्या तोंडाच्या गोळ्या असतात, जर्मनीत बनतात, ब्रिटनला येतात, तिथून आयर्लंडच्या दुकानात जातात. ईयूतून निघून ईयूत परत, पण ब्रिटनला वळसा घातला म्हणून कर लागू! मोठ्या कंपनीने माणसं ठेवली आणि निभावून नेलं. छोटा चीजवाला, पाच-पन्नास पार्सलं फ्रान्सला पाठवणारा, त्याने फ्रान्सला पाठवणंच सोडलं. सरकारी बजेटवर नजर ठेवणाऱ्या ओबीआरचा अंदाज आहे की आत राहिले असते त्या मानाने उत्पादकता लांबच्या पल्ल्यात ४ टक्क्यांनी कमी राहील. कोविड आणि युक्रेन युद्ध मध्ये आल्यामुळे प्रत्येक बाजू आपल्याला हवं त्याच्यावर बिल फाडते.

परदेशी लोकांचा लोंढा तरी थांबला?

उलट. युरोपातले कमी झाले, आणि भारत, नायजेरिया वगैरेंचे वाढले. जून २०२३ पर्यंतच्या वर्षात निव्वळ आकडा (आलेले वजा गेलेले) ९ लाखांच्या वर गेला, नंतर नियम कडक केले तसा बराच उतरला. नर्सेस, केअर होमचे कामगार, विद्यार्थी. ज्यांनी गर्दी कमी व्हावी म्हणून मत दिलं त्यांना आता दुप्पट राग आहे, आणि तो घेऊन तेच फराज परत आलेत, पक्षाचं नाव बदलून.

आपला काही फायदा-तोटा?

पहिला फटका पौंडाला. शंभर रुपयांच्या आसपास होता तो काही महिन्यांत ऐंशी-ब्याऐंशीला आला. फी भरणारे खूश, घरी पैसे पाठवणारे माझ्यासारखे गार. निकालाच्या दिवशी टाटा मोटर्सचा शेअर पडला, कारण जॅग्वार लँड रोव्हर त्यांची.

हापूसची आठवण इथले दुकानदार अजून काढतात. मे २०१४ पासून ईयूने फळमाशीच्या कारणाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, ऐन सीझनमध्ये, आणि ती उठली पुढच्या वर्षी. आंबा खाणारे आम्ही ब्रिटनमध्ये, बंदी घालणारे ब्रुसेल्समध्ये. ज्याच्याकडून मी कढीपत्ता घेते त्या गुजराती दुकानदाराने या एका कारणासाठी लीव्हला मत दिलं असं तो शपथेवर सांगतो. आता नियम लंडनचे आहेत, पण माशी चालत नाही ती नाहीच.

भारताशी स्वतंत्र व्यापार करार हे मोठं आश्वासन होतं. बोलणी जानेवारी २०२२ ला सुरू झाली, बोरिस म्हणाले दिवाळीपर्यंत करू, ती दिवाळी गेली, बोरिसनंतर दोन पंतप्रधान आले-गेले, शेवटी तिसऱ्यांच्या, म्हणजे स्टार्मरच्या, काळात २४ जुलै २०२५ ला त्यांच्या आणि मोदींच्या समोर दोन्हीकडच्या मंत्र्यांनी सह्या केल्या. स्कॉचवरचा भारतातला कर १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर यायचा आहे. भाऊजींना यातलं एवढंच ऐकायचं असतं.

गोव्याच्या लोकांचं काय झालं?

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना, त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं, लिस्बनला जन्माची नोंद करून. तो पासपोर्ट म्हणजे ब्रिटनचं दार होतं, म्हणून तर स्विंडनमध्ये बसस्टॉपवर कोंकणी ऐकू येते. ३१ डिसेंबर २०२० च्या आत इथे राहत असलेल्यांना अर्ज करून 'सेटल्ड स्टेटस', म्हणजे इथे राहायचा हक्क, मिळवता आलं. त्यानंतर तोच पासपोर्ट काढला तर पोर्तुगाल, आयर्लंड, जर्मनी कुठेही जा, इथे मात्र व्हिसा. शेजारच्या त्या काकांचा धाकटा भाऊ कागद गोळा करण्यात सहा महिन्यांनी मागे पडला. तो आता डब्लिनला असतो, आणि भावाकडे गणपतीला... सॉरी, ख्रिसमसला विमानाने येतो.

ब्रिटनचा व्हिसा आता पॅरिसला चालत नाही का?

आधीही चालत नव्हता. ब्रिटन शेंगेनमध्ये (युरोपातल्या देशांच्या सामायिक व्हिसाच्या गटात) कधीच नव्हतं, युरो चलनातही नव्हतं. याचा ब्रेक्झिटशी शून्य संबंध.

परत जाणार का आत?

पोलमध्ये आता बहुमत म्हणतं की चूक झाली. पण लेबर सरकार कस्टम्स युनियनचं नाव काढायलाही कचरतं, दुरुस्त्यांवर भागवतंय, मे २०२५ मध्ये ईयूशी एक समझोता केला, त्यात मासेमारीची मुभा २०३८ पर्यंत वाढवून दिली आणि खाण्याच्या मालाचे कागद कमी करायचं ठरलं. परत जायचं तर २७ देशांनी हो म्हणायला हवं, थॅचरबाईंची ती सवलत पुन्हा मिळेल असं कोणी समजू नये.

पुढच्या मेमध्ये आम्ही येतोय, युरोस्टार ट्रेनने पॅरिसला जाताना डब्यात काय घेऊ?

२०२१ च्या जानेवारीत नेदरलँड्सच्या बंदरावर एका ट्रक ड्रायव्हरचं हॅम सँडविच कस्टमवाल्यांनी काढून घेतलं. त्याने विचारलं, निदान ब्रेड तरी ठेवू का? तोही नाही. मांस आणि दूधदुभतं ब्रिटनमधून ईयूत नेता येत नाही. त्यामुळे श्रीखंड नको, तूप नको, आत्या नेतात तो खव्याच्या पेढ्यांचा पुडाही नको. बाकरवडी, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या खुशाल घ्या. आणि परत येताना फ्रेंच चीज आणायचा मोह करू नका, लाळ्या-खुरकूत रोगाच्या भीतीने एप्रिल २०२५ पासून इकडच्यांनीही तसंच केलंय, निघायच्या आधी मला एकदा फोन करा, तोवर नियम बदलला असेल तर सांगते.